दुसऱ्या शिफ्टचे काळे

"लिहून घ्या, ताई," असं म्हणून चाचा स्टिअरिंगवरचा डावा हात उचलायचे आणि काचेबाहेर बोट करायचे. बोटाच्या टोकाला कधी एखाद्या कंपनीचं फाटक असायचं, कधी चहाची टपरी, आणि बऱ्याचदा काहीच नसायचं. म्हणजे तुम्हा-आम्हाला दिसण्यासारखं काही नसायचं. चाचांना दिसायचं. "हितं ज्वारीचं रान व्हतं. पलीकडं पहिली भट्टी लागली तवा आमची गाडी चिखलातनं यायची. तरी सातला पाच कमी असताना फाटकात! लिहून घ्या."

पहिल्या दिवशी मी खरोखरच वही काढली. मागच्या सीटांवर हशा पिकला. चाचा मात्र हसले नाहीत. माझं लिहून होईपर्यंत त्यांनी बसचा वेग कमी ठेवला आणि मागच्या ट्रकवाल्याला खुशाल हॉर्न वाजवू दिला.

चाचा चाकणच्या एका कंपनीची कामगारांची बस चालवायचे. मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. साठी उलटलेली, दाढी पांढरी, शर्टाची इस्त्री अशी कडक की बाही वाकवली तर मोडेल असं वाटावं. त्यांचं घराणं चाकणचंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. मी इंदूरची. त्या कंपनीच्या स्टोअरमध्ये नवीन संगणकप्रणाली बसवायची होती आणि लोकांना ती शिकवायची होती, म्हणून दोन महिन्यांसाठी आले होते. राहायला पिंपळे सौदागरला खोली. रोज सकाळी तिथून बस धरायची आणि नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण गाठायचं. ड्रायव्हरमागची पहिली सीट दुसऱ्या दिवसापासूनच माझी झाली, कारण बोलायला चाचांना माणूस लागायचा आणि ऐकायला मला.

"तुमचं मराठी लई ग्वाड हाय ताई," ते एकदा म्हणाले, "पण हिंदीच्या चुलीवर शिजल्यालं वाटतंय." यावर मी रागवायला हवं होतं. पण वर्णन अचूक असल्यामुळे तेही लिहून घेतलं.

तुम्हीही परगावी गेल्यावर वाटाडे पाहिले असतील. ते राजांची नावं सांगतात, लढाया सांगतात. चाचांच्या इतिहासात राजे नव्हते. कोणत्या थांब्यावर कोण उभं राहायचं, कोणाला पळत यायची सवय होती, कोणाच्या डब्याला कसला वास यायचा, हा त्यांचा इतिहास. आणि त्या इतिहासाचा त्यांना किल्लेदाराइतका अभिमान. समोरून मोटार गेली, ट्रॅक्टर गेला, साधी रिक्षा गेली तरी म्हणत, "त्या गाडीचा कुठला तरी तुकडा हितं झालाय. देशात कुठंबी जावा, आमच्या गावच्या लोकांनी क्येलेलं काही ना काही फिरत असतंय."

आता खरं कारण सांगते. हे काम माझ्याकडे आलं नव्हतं. दुसऱ्याकडे जात होतं, ते मी मागून घेतलं. माझे वडील पिंपरीत नोकरीला होते. मी अडीच वर्षांची असताना काविळीने गेले. आई मला घेऊन इंदूरला मामाकडे आली आणि तो विषय तिने गाठोड्यात बांधून कायमचा वर टाकला. मी विचारलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. आई वारली तेव्हा माझ्याकडे वडिलांच्या नावावर तीन गोष्टी शिल्लक होत्या: आडनाव काळे, राहायला पिंपळे गुरव, आणि नोकरी गिअर बनवणाऱ्या कंपनीत. चाळिशी ओलांडलेल्या बाईने बाप शोधत हिंडणं जरा हास्यास्पद आहे, मला मान्य आहे. पण तो माणूस होता तरी कसा, एवढं तरी कळावं असं वाटायचं. फार वाटायचं.

पहिल्या रविवारी एकटीच गेले. पिंपळे गुरवमध्ये मोबाइलची दुकानं, जिम, केकची दुकानं, आणि मधूनमधून एखादं जुनं घर आपलं अंग चोरून उभं. कोणाला काय विचारणार? पिंपरीत कंपनी शोधली तर तिच्या जागी वीसमजली इमारती आणि पोहण्याचा तलाव. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "कौनसे फ्लॅट में जाना है?"  मी परत फिरले.

सोमवारी चाचांना सांगितलं. आडनाव, गाव, कंपनी, कावीळ. त्यांनी बस सरळ रस्त्याच्या कडेला घेतली.

"काळे? पिंपळे गुरवचे? देवळापाशी थांबा व्हता तिथले?"

"असतील."

"असतील काय! अवो, माझ्या गाडीला व्हते की! पिंपरीच्या त्याच कंपनीची गाडी मारायचो मी तवा. जवानीत."

सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे वडिलांचा एकच फोटो होता, लग्नातला, मान खाली घातलेला. चाचांनी चष्मा लावून तो फोनवर बराच वेळ पाहिला. "मुंडावळ्यांत समदे नवरे सारखेच दिसत्यात," ते म्हणाले. "पण व्हय. त्येच."

मग पंधरा दिवस माझा बाप माझ्यासमोर रोज सकाळी थोडा थोडा उभा राहत गेला. काळे कंपनीच्या कबड्डी संघात होते. मांडीवर थाप मारली की पलीकडच्या संघाच्या पोटात गोळा यायचा. पवना नदीला पूर आला तेव्हा काळ्यांनी चार लेकरं खांद्यावर घालून काढली. कँटीनचा चहा गार आला म्हणून मॅनेजरच्या टेबलावर कप नेऊन ठेवला आणि म्हणाले, तुम्हीच प्या. बसमधले ऑपरेटर चढता चढता विचारायचे, "काय चाचा, काळेसाहेबांचं पुढं काय झालं?" मी लिहून घेत होते. माझी चालसुद्धा बदलली असावी. स्टोअरमध्ये कोणी आवाज चढवला की मला वाटायचं, याला माहीत नाही मी कोणाची मुलगी आहे.

रोज संध्याकाळी हे सगळं मी फोनवर इंदूरला माझ्या मुलीला सांगायचे. ती शाळेच्या कबड्डी संघात नाव देऊन आली. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "कबड्डी? अगं, त्यांना जिना चढला तरी दम लागायचा." मला मामाचा राग आला. हा लग्नात भेटलेला, नंतर दोन-चारदा भेटलेला माणूस. याला पिंपरीतलं काय ठाऊक, असं मनात म्हणून मी फोन ठेवला.

तिसऱ्या सोमवारी चाचा गप्प होते. भोसरी गेली, मोशी गेली, एकदाही बोट उठलं नाही. कांद्याच्या ट्रकांमागे बस अर्धा तास अडकली, तरी 'लिहून घ्या' नाही. कंपनीच्या आवारात सगळे उतरल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"ताई, जरा थांबता का? काल मोशीला लग्नाला गेलतो. तिथं काळे भेटले."

"कोण काळे?"

"त्येच. कबड्डीचे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ज्यांना मी पंधरा दिस तुमच्यासाठी मारून टाकलं, त्ये म्होरं बसून जिलबी खात व्हते."

 चाचा पुढे म्हणाले, "पंधरा दिस मी तुमाला दुसऱ्याचा बाप दाखवत व्हतो, ताई."

घोटाळा कसा झाला ते त्यांनी सांगितलं. कंपनीच्या बसवाल्याला माणसाचं पूर्ण नाव लागत नाही. आडनाव, थांबा आणि शिफ्ट, या तीन गोष्टींत माणूस ओळखायचा. देवळाच्या थांब्यावर काळे दोन होते. एक दुसऱ्या शिफ्टचे, ते चाचांच्या गाडीला. दुसरे जनरल शिफ्टचे, म्हणजे दिवसपाळीचे, त्यांची गाडी वेगळी. "तुमी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, थांबा जुळला. शिफ्ट मी मनानं लावली. काळे कंपनी सोडून गेलेले, मला पुन्हा कवा दिसलेच न्हाईत. तुमी म्हणालात काविळीनं गेले, म्हणलं, असंल."

मी आधी हसले. मग रडले. मग मला संताप आला, आणि तो मी गिळला नाही. "चाचा, मी माझ्या मुलीला सांगितलंय हो! ती कबड्डी खेळायला लागलीय! एकदा शिफ्ट विचारायची तरी!" ते ऐकून घेत राहिले. "चुकलं" यापलीकडे त्यांनी एक सबब सांगितली नाही.

दोन दिवस मी शेवटच्या सीटवर बसले. तिसऱ्या दिवशी सगळे चढल्यावर चाचा सीटवरून उठले आणि प्रवाशांकडे तोंड करून उभे राहिले. "मंडळी, ऐका. मी काळेसायबांचं जे जे सांगितलं ते ताईंच्या वडलांचं नव्हं. दुसऱ्या माणसाचं व्हतं. चूक माझी हाय. तुमी समद्यांनी ऐकलं व्हतं, म्हणून समद्यांम्होरं सांगतोय." मग बसले आणि गिअर टाकला.  चाळीस वर्षं ज्याने एक फेरी चुकवली नाही त्या माणसाला चाळीस लोकांसमोर आपली चूक सांगायला काय लागलं असेल, याचा विचार करत मी बसले. नाशिक फाट्याला उठून पुढच्या सीटवर आले. 

रविवारी त्यांनी मला चिखलीला नेलं, त्या हयात काळ्यांच्या घरी. कबड्डीपटूचं पोट सुटलं होतं आणि गुडघे गेले होते, पण आवाज तसाच, खिडकीची तावदानं हलवणारा. स्वतःच्या मरणाची हकीकत ऐकून ते खोखो हसले. "म्हंजी मी मेलो व्हतो? आन कुणी दहाव्यालासुदिक आलं न्हाई?" मग मी माझ्या वडिलांबद्दल विचारलं. जनरल शिफ्टचे काळे.

हसू थांबलं. "किडकिडीत? चष्मेवाले? इन्स्पेक्शनचे?"

"असतील," मी म्हटलं. 

"पोरी, राग मानू नको," काळे म्हणाले, "पर त्या माणसानं आमचं लई डोस्कं खाल्लंय."

त्यांनी सांगितलं ते असं. काळे गिअरचे दात पाडायच्या मशीनवर. माझे वडील तो माल तपासणारे. पास झालेल्या खोक्यावर त्यांचा शिक्का बसायचा, नंबर सतरा. नापास नगाला लाल रंगाचा पट्टा. एकदा महिनाअखेरीला काळ्यांच्या मशीनची तीन दिवसांचा सगळा माल त्यांनी लाल केला. फरक केसाएवढा. बाहेर ट्रक उभा. सुपरवायझर म्हणाला, जाऊ द्या. तर माझे वडील शिक्का खिशात घालून डबा खायला निघून गेले.

"मी त्येंची कॉलर धरली," काळे म्हणाले. "समद्यांम्होरं, थांब्यावर. मी कबड्डीवाला, फुकलं असतं तरी उडाले असते. आन त्ये मला काय म्हणाले असतील? म्हणाले, काळे, हा गिअर गाडीत जाणार. गाडी घाटात जाणार. गाडीत माणसं असणार. बस्स. एवढंच म्हणाले आन चष्मा पुसाय लागले."

"मग?"

"मग काय? सोडली कॉलर."

पण कारखान्यातल्या लोकांनी सोडलं नाही. महिनाभर कोणी त्यांच्याशी बोललं नाही. बसमध्येही कोणी त्यांच्या शेजारी बसेना. हे ऐकताच चाचा खुर्चीतून अर्धे उठले. "खिडकीकडचे! त्ये व्हय? शेजारची जागा रिकामी असायची त्ये? अवो, जनरलच्या गाडीवर मी सहा म्हैने क्लीनर व्हतो. दरवाज्यात उभा असायचो. त्ये रोज उतरताना 'येतो' म्हणायचे. मला! क्लीनरला कोण म्हणतंय 'येतो'?" चाचांचे डोळे भरून आले होते. माझ्या बापाला खरोखर पाहिलेला माणूस माझ्याशेजारी बसला होता, आणि ते त्यालाही आत्ताच कळत होतं.

काळे सांगत राहिले. पुढे पुढे असं झालं की सतरा नंबरचा शिक्का असलेलं खोकं पुन्हा कोणी उघडून तपासेना. गिऱ्हाईक कंपनीतले लोकही तो शिक्का बघून माल उतरवून घ्यायचे. आणि माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या जागी नवा माणूस आला. ऑफिसने त्याला तोच शिक्का द्यायला काढला. "आमी दिऊ दिला न्हाई," काळे म्हणाले. "मीच म्होरं गेलो. म्हणलं, ह्याला दुसरा नंबर द्या. सतरा आता कुणाला न्हाई. कंपनी बंद हुईस्तवर न्हाई दिला कुणाला."

मला खोटं बोलायचं नाही. कबड्डीवाल्या बापाचा मला अभिमान वाटला होता, आणि तो फार सुखाचा होता, मिरवण्यासारखा. हा अभिमान वेगळा होता. तो मिरवावासा वाटेना. तो घेऊन नुसतं सरळ बसावंसं वाटत होतं. महिनाभर एकटा बसून जो माणूस रोज 'येतो' म्हणून उतरत होता, त्याची मी मुलगी. आई ज्याचं नाव काढलं की उठून जायची, तो असा होता. तिला आठवून बोलणं सोसलं नसेल. इतकी वर्षं मी तिच्यावर उगीच रुसले.

परत येताना रिक्षावाला गिअर कसा टाकतो ते चाचा बघत होते. मग म्हणाले, "ताई, इतकी वर्सं झाली. कवा घाटात माझा गिअर अडकला न्हाई. मला वाटायचं, माझा हात चांगला हाय."

"आहेच की."

"हाय. पर निम्मा हात त्येंचा व्हता म्हणायचं."

मुलीला फोन करून सगळं खरं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग कबड्डी सोडू?" मी म्हटलं, खेळ बाई, आता नाव दिलंयस तर. मामालाही फोन केला आणि माफी मागितली. तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं, दम लागायचा." माझ्या मामाला कुठे थांबावं हे कधीच कळलं नाही.

काम संपलं, मी इंदूरला परतले. पण चाचांचं काम संपलं नव्हतं. चुकीचा माल गेला होता; तो बदलून पूर्ण भरून देईपर्यंत त्यांना चैन पडणार नव्हती. महिन्या-दीड महिन्याने फोन यायचा. "ताई, आनखी एक गावला. भोसरीला ऱ्हातोय, इन्स्पेक्शनलाच व्हता. तुमच्या वडलांना भेंडीची भाजी आवडायची म्हणं. लिहून घ्या." पुढच्या वेळी: "पिंपळे गुरवची एक आजी म्हणती, तुमी लई रडायच्या, तर त्ये तुमाला घिऊन थांब्यापर्यंत यायचे आन बस बगितली की तुमी गप व्हायच्या." त्या दिवशी मी बराच वेळ लिहूच शकले नाही. आणि दर वेळी शेवटी न चुकता सांगायचे, "ह्या खेपेला शिफ्ट इचारून घेतली हाय."

अशा नऊ गोष्टी त्यांनी मला दिल्या. वडिलांच्या नावावर शिल्लक असलेल्या तिनाच्या बारा झाल्या. कोण हयात आहे, कोण कुठे राहतं, हे शोधत हा माणूस सुटीच्या दिवशी चाकणहून उठून कुठे कुठे गेला असेल, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही नसतं. गाडी वेळेवर आली हे लोकांना कळावं. ती कशी आणली हे ड्रायव्हरने सांगू नये, अशा मताचे ते होते.

मग दोन महिने फोन आला नाही. मी केला, तर उचलला नाही. मला वाटलं, लग्नसराई असेल, जादा फेऱ्या असतील.

एका दुपारी त्यांच्याच नंबरावरून फोन आला. मी वही पुढे ओढली आणि म्हटलं, "बोला चाचा." पलीकडे बाईचा आवाज होता. चाचांची मुलगी. अब्बा गेल्या शुक्रवारी गेले, म्हणाली. दोन महिने आजारीच होते, मग छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, तिथेच गेले. त्यांच्या फोनमध्ये ज्यांचे ज्यांचे नंबर आहेत त्यांना ती एकेक करून कळवत होती.

मी वही मिटली. ती म्हणाली, "माफ करा हां, पण तुमचं नाव काय ते मला माहीत न्हाई. अब्बांनी हितं नावच लिहिलेलं न्हाई. नुसतं लिहिलंय, 'काळे, इन्स्पेक्शन, जनरल शिफ्ट, यांची मुलगी'. त्या तुमीच का?"

मला आयुष्यात असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "मीच."